नवं वायपर ब्लेड लावूनही काचेवर रेघा का राहतात, आणि ब्लेड घरी कसं बदलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वायपरची ब्लेडं घरच्या घरी बदलता येतात का, अवजारं कुठली लागतात, आणि मागच्या वेळी नवीकोरी ब्लेडं टाकूनही महिन्याभरात काचेवर पुन्हा रेघा आणि खरखर का सुरू झाली. शेवटी तुम्ही विचारलंय, 'यावेळी कुठल्या कंपनीची घेऊ?'

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. हो, घरी बदलता येतात. बहुतेक गाड्यांना अवजार लागतच नाही, फार तर एक छोटा चपटा स्क्रू ड्रायव्हर. पहिल्यांदा करताना अर्धा तास धरा, पुढच्या वेळी दहा मिनिटांत होईल. पण तुमची खरी अडचण ब्लेड काढण्या-घालण्याची दिसत नाही. नवं ब्लेड महिन्याभरात खराब होत नाही असं मी म्हणणार नाही. हलक्या दर्जाचं असेल तर होतंही. तरी दोन्ही बाजूंची ब्लेडं एकाच वेळी सारखीच बिघडली, तर मी आधी काच बघतो, मग आर्म (म्हणजे ब्लेड ज्याच्या टोकाला अडकवलेलं असतं तो हात), आणि ब्लेड सगळ्यात शेवटी. कंपनीचं नाव त्याच्याही नंतर.

असं का, हे कळायला वायपर नेमकं काय करतो ते बघू. काचेला टेकणारी रबराची कड एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि तिचे कोपरे धारदार कापलेले असतात. ही कड काचेवर सरळ उभी राहून पाणी ढकलत नाही. ती मागे झुकते आणि ओढली जाते. वायपर वर जाताना ती एका बाजूला झुकलेली असते, आणि टोकाला पोचून परत फिरताना पलटी मारून दुसऱ्या बाजूला झुकते. पेन तिरकं धरून ओढलं तर कागदावरून सहज सरकतं. तेच उभं धरून ढकललं तर टोचतं आणि अडखळत जातं. वायपरची थरथर म्हणजे हे अडखळणंच. रबर पलटायला तयार नाही, किंवा काच त्याला नीट सरकू देत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. काचेवर दाब देण्याचं काम ब्लेडचं नाही. दाब येतो आर्मच्या सांध्यातल्या स्प्रिंगमधून. तो दाब पूर्ण लांबीवर सारखा पसरवणं हे ब्लेडचं काम, आणि पाणी पुसणं हे रबराचं. १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन यांना गाडीच्या आतून हाताने चालवायच्या वायपरचं पेटंट मिळालं. त्यातही रबर काचेला चिकटून राहावं म्हणून वजन लावण्याची सोय होती. दाबाचा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे, आणि ब्लेड बदलताना नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही.

त्यामुळे नवं काही विकत घेण्याआधी काच ओली करून वायपर चालवा आणि ती कशी पुसली जाते ते आत बसून नीट बघा. तक्रार कुठली आहे यावरून दोषी कोण ते बरंचसं कळतं.

केसासारख्या बारीक रेघा, आणि त्याही प्रत्येक वेळी त्याच जागी उमटत असतील, तर रबराच्या कडेत कचरा अडकलाय किंवा कडेचा टवका उडालाय. ओल्या फडक्याने कड पुसूनही रेघ तिथेच राहिली, तर टवका. अशा रबराला इलाज नाही, बदलायचं.

बोटभर रुंदीचा पट्टा न पुसताच राहत असेल, तर तिथे दाब पोचत नाही. ब्लेडची चौकट वाकली असेल, बिनचौकटीच्या सपाट ब्लेडचा बाक काचेच्या बाकाशी जुळत नसेल, किंवा आर्मची स्प्रिंग ढिली पडली असेल. नवं ब्लेड लावूनही पट्टा त्याच जागी राहिला, तर आर्मवर संशय घ्या.

वायपर फिरल्यावर काच धुरकट होते आणि दोन-तीन सेकंदांत आपोआप निवळते, ही बहुधा काचेवरच्या तेलकट थराची खूण. रस्त्यावरून उडणारं तेलकट पाणी, पुढच्या गाड्यांचा धूर, गाडी धुताना वापरलेलं मेण आणि पॉलिश, हे सगळं काचेवर साचतं. त्यावर तुम्ही कितीही महाग ब्लेड लावा, ते हा थर नुसता पसरवत राहतं. तुमच्या वर्णनावरून, विशेषतः 'रात्री समोरून दिवे आले की काहीच दिसत नाही' या वाक्यावरून, मला पहिला संशय याचाच आहे.

थरथर दोन्ही दिशांना होत असेल तर काच किंवा कडक झालेलं रबर. एकाच दिशेला होत असेल, म्हणजे वर जाताना गप्प आणि खाली येताना खरखर किंवा याच्या उलट, तर आर्मला पीळ बसलाय किंवा रबर एका बाजूला कायमचं वाकलंय. जोरात गाडी चालवतानाच वरचा भाग पुसला जात नसेल, तर वारा ब्लेडला उचलतोय.

आता काच. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या ब्लेडबद्दलच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात. काच साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. मग पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटांची टोकं काचेवरून हलकेच फिरवा. उघड्या बोटाला जाणवत नाही असा खरखरीतपणा पिशवीतून स्पष्ट जाणवतो. काच खरोखर स्वच्छ असेल तर पिशवी अगदी गुळगुळीत सरकेल. खरखर लागली, तर गाडीच्या रंगासाठी मिळते ती क्ले म्हणजे मातीची वडी काचेवर भरपूर पाणी मारत फिरवा. चिकटलेला कचरा, झाडाचा चीक, किड्यांचे डाग ती उचलून घेते. क्ले नसेल तर अगदी बारीक, चार शून्य क्रमांकाची स्टील वूल ओल्या काचेवर हलक्या हाताने चालते. पण ती फक्त बाहेरून, फक्त साध्या काचेवर, आणि आधी कोपऱ्यात थोडी फिरवून पाहा. भांडी घासायची जाड तार किंवा हिरवी घासणी काचेला लावू नका.

एवढं झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा चांगलं ग्लास क्लीनर स्वच्छ मायक्रोफायबर फडक्यावर घेऊन काच दोनदा पुसा. दुसऱ्या वेळी फडकं वेगळं घ्या. पहिल्याच फडक्याने पुन्हा पुसलं तर काढलेलं तेल परत काचेवर जातं. आता काचेवर पाणी ओता. ते एकसंध चादरीसारखं पसरलं तर काच साफ. थेंब थेंब होऊन फुटलं, तर काचेवर अजून तेल, मेण किंवा पाणी झटकणारं कोटिंग आहे.

कोटिंगबद्दल माझं मत विचाराल तर, मी त्याच्या विरोधात नाही. भरधाव गाडीत थेंब आपोआप उडून जातात, हे खरं आहे. मात्र कोटिंग लावताना काच नीट साफ केली नसेल, किंवा जुनं कोटिंग कुठे उरलंय आणि कुठे गेलंय अशी अवस्था असेल, तर रबर एका जागी सरकतं आणि दुसऱ्या जागी अडतं. थरथर सुरू होते, आणि शिव्या बसतात ब्लेडला. लावायचं तर पूर्ण काचेला नीट लावा, नाहीतर पूर्ण काढून टाका.

एका बाबतीत मात्र हात टेकावे लागतात. गाडी जुनी असेल आणि खूप धावली असेल, तर उडणाऱ्या वाळूने काचेवर हजारो बारीक खड्डे पडलेले असतात. दिवसा दिसत नाहीत. रात्री समोरच्या दिव्यात किंवा मावळतीच्या उन्हात सगळी काच चमचमते. अशा काचेवर कुठलंही ब्लेड नीट चालणार नाही, आणि रबराची कडही लवकर झिजेल. घरी पॉलिश मारून हे जात नाही. उलट एकाच जागी जास्त घासलं तर काचेत लाटा पडतात आणि समोरचं वाकडंतिकडं दिसायला लागतं. तिथे काच बदलणं हाच उपाय.

काच साफ झाली की जुन्याच ब्लेडची कड ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून पुन्हा चालवून पाहा. फडक्यावर काळं येईल, त्याने घाबरू नका. कित्येकदा काम इथेच संपतं. नाही संपलं, तर बोटाने रबर वाकवून बघा. चांगलं रबर मऊसर वाकतं आणि सोडलं की सरळ होतं. कडक लागत असेल, कडेला बारीक भेगा असतील, कोपरा गोल झाला असेल किंवा पट्टी टोकाशी चौकटीतून सुटत असेल, तर बदलायची वेळ झाली. साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष एवढं आयुष्य सांगतात आणि ते ढोबळमानाने बरोबर आहे. पण गाडी कुठे उभी राहते यावर खूप अवलंबून आहे. रोज उन्हात उभी राहणाऱ्या गाडीचं रबर, पाऊस पडो न पडो, ऊन आणि ओझोनमुळे मरतं. सावलीतल्या गाडीचं दीड वर्षही टिकताना पाहिलंय. तारीख बघून बदलण्यापेक्षा काच बघून बदला. मात्र बदलाल तेव्हा जोडीने बदला. एक बाजू गेली की दुसरी फार मागे नसते.

खरेदीला जाण्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या: लांबी, जोड आणि प्रकार.

लांबी दोन्ही बाजूंची वेगळी असू शकते. बऱ्याच गाड्यांत चालकाच्या बाजूचं ब्लेड लांब आणि दुसरं आखूड असतं. गाडीच्या पुस्तिकेत आकडे असतात. नसतील तर रबराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप धरून मोजा. पाकिटावर कुठे इंच लिहिलेले असतात, कुठे मिलिमीटर. १६ इंच म्हणजे सुमारे ४०० मिलिमीटर, २४ इंच म्हणजे सुमारे ६०० आणि २६ इंच म्हणजे ६५० च्या आसपास. काही जण 'जरा मोठं टाकू, जास्त काच पुसली जाईल' असा विचार करतात. तसं करू नका. लांब ब्लेड दुसऱ्या ब्लेडवर किंवा काचेच्या कडेच्या खांबावर आपटतं, काच कडेला जास्त वळते तिथे त्याचं टोक उचललेलं राहतं, आणि स्प्रिंगचा तोच दाब जास्त लांबीत वाटला गेल्यामुळे एकूणच पुसणं हलकं पडतं. मोटरवर ताण येतो तो वेगळाच. एखाद्या इंचाने आखूड चालून जातं, लांब नको.

जोड म्हणजे आर्मच्या टोकाला ब्लेड ज्या पद्धतीने अडकतं ती. चुकीचं ब्लेड घरी येतं ते बहुधा यामुळेच. सगळ्यात जास्त दिसतो तो हूक: आर्मचं टोक आकड्यासारखं वळवलेलं असतं. हुकातही मापं आहेत. ९×३ किंवा ९×४ असं लिहिलेलं दिसलं तर ती हुकाच्या पट्टीची रुंदी आणि जाडी आहे, मिलिमीटरमध्ये. याशिवाय बटण दाबून सुटणारे, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून सुटणारे, बाजूने पिन घुसणारे असे बरेच प्रकार आहेत. त्यांची नावं पाठ करायची गरज नाही. आर्मच्या टोकाचा वरून एक आणि बाजूने एक असे फोटो काढा आणि पाकिटावरच्या चित्रांशी ताडून बघा. बऱ्याच पाकिटांत तीन-चार अडॅप्टर येतात. एक अडॅप्टर सगळ्यांना चालतो असा दावा असेल, तर तो तुमच्या आर्मवर घट्ट बसतो का, हे मात्र हलवून बघायचं. थोडीशीही ढिलाई असेल तर ते ब्लेड लावू नका.

प्रकार तीन. जुना चौकटीचा, ज्यात लोखंडी कमानी अनेक ठिकाणी रबराला धरतात. सपाट, ज्याच्या आत एक बाकदार पोलादी पट्टी असते आणि वर वारा अडवायला उतरती पाठ. आणि तिसरा, चौकटीवर प्लॅस्टिकचं आवरण घातलेला मिश्र प्रकार. सपाट ब्लेड दाब छान पसरवतं, वेगात उचललं जात नाही, बर्फाने सांधे गोठत नाहीत. पण त्याचा बाक कारखान्यातच ठरलेला असतो. तुमची काच फार वळणदार किंवा अगदी सपाट असेल आणि ब्लेड तुमच्या गाडीसाठी म्हणून बनलेलं नसेल, तर टोकं किंवा मधला भाग काचेला नीट टेकत नाही. जुन्या, सपाट काचेच्या गाडीला साधं चौकटीचं ब्लेड कित्येकदा जास्त चांगलं पुसतं. नवा प्रकार म्हणजे चांगला प्रकार, हे इथे लागू नाही. गाडीला मूळ जो प्रकार होता तोच ठेवा, हा माझा सर्वसाधारण सल्ला.

रबराबद्दल एवढंच, की साधं रबर सुरुवातीला सुंदर पुसतं आणि सिलिकॉन उन्हात जास्त टिकतं; पण सिलिकॉन काचेवर स्वतःचा थर सोडतं आणि तो नीट बसेपर्यंत कधी कधी थरथरतं. आणि कंपनीचं म्हणाल, तर नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचं, योग्य मापाचं, ताजं ब्लेड घ्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर पाकिटातच कडक होतं. पाकिटावर उत्पादनाची तारीख असेल तर ती जरूर बघा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी बंद करा, किल्ली काढा. पावसाचा अंदाज घेऊन आपोआप चालू होणारे वायपर असतील तर ती सोय बंद करा, नाहीतर मध्येच आर्म फिरायचा आणि बोटं सापडायची.

बऱ्याच गाड्यांत वायपर बॉनेटच्या मागच्या कडेखाली लपलेले असतात. तिथे आर्म सरळ वर ओढू नका. तो बॉनेटला घासतो आणि रंगाचा टवका उडतो. अशा गाड्यांना दुरुस्तीसाठीची वेगळी स्थिती दिलेली असते. काहींत इग्निशन बंद केल्यावर लगेच स्टिअरिंगजवळचा वायपर चालू करायचा दांडा दाबून धरायचा असतो, काहींत स्क्रीनवरच्या मेनूत पर्याय असतो. पुस्तिकेत पाहा. तशी सोय नसलेल्या गाडीत वायपर काचेच्या मध्यावर आले की इग्निशन बंद केलं तर ते बहुधा तिथेच थांबतात.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. ब्लेड काढल्यावर उभा आर्म हातातून सुटला, तर त्याचं उघडं लोखंडी टोक स्प्रिंगच्या जोराने थेट काचेवर आपटतं. काच तडकायला तेवढं पुरतं. म्हणून आर्म उभा करण्याआधी काचेवर जाड टॉवेलाची घडी किंवा पुठ्ठा ठेवा आणि काम संपेपर्यंत तो हलवू नका. जोरात वारा असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा. आणि एका वेळी एकच बाजू. म्हणजे काही अडलं तर दुसरं ब्लेड नमुना म्हणून समोर असतं.

हुकाचं ब्लेड काढताना गोंधळ होतो तो दिशेचा. सहज प्रवृत्ती असते ब्लेड टोकाकडे, म्हणजे आर्मपासून दूर ओढायची. हुकाला ते उलट लागतं. आर्म उभा करा, ब्लेड आडवं वळवा, मधल्या जोडाची छोटी जीभ दाबून धरा आणि ब्लेड खाली, आर्मच्या बुडाकडे ढकला. धुळीने घट्ट बसलेलं असेल तर तळहाताचा हलका ठोसा द्या. ते सरकून हुकाच्या वळणातून मोकळं झालं की बाजूला करून आर्म बाहेर काढा. बटणाच्या किंवा चिमटीच्या जोडात मात्र उलट: बटण किंवा दोन्ही कानं दाबून ब्लेड टोकाकडेच ओढायचं. बाजूच्या पिनच्या जोडात ब्लेड आर्मला काटकोनात फिरवून बाजूने ओढतात. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा. यांतल्या कुठल्याच जोडाला पकड लागत नाही. जोर लागतोय म्हणजे खटका पूर्ण दाबला गेलेला नाही.

जुनं ब्लेड कुठल्या बाजूने कसं बसलं होतं ते नव्याशेजारी ठेवून बघा. उतरत्या पाठीच्या ब्लेडला दिशा असते, उलटं बसलं तर वारा त्याला दाबण्याऐवजी उचलतो. नवं बसवताना स्पष्ट 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज आल्यावर ब्लेड धरून वर-खाली ओढून पाहा. ते जराही सरकता कामा नये. वाटेत भर पावसात निसटलेलं ब्लेड म्हणजे पुढच्या फेरीला उघडं लोखंड काचेवर, आणि तो कमानीसारखा चरा कधीच जात नाही.

नव्या रबराच्या कडेवर प्लॅस्टिकचं पातळ आवरण असतं. ते काढायचं. वाचून हसाल, पण 'नवं ब्लेड अजिबात पुसत नाही' म्हणून आलेल्या गाडीवर मी पहिल्यांदा तेच शोधतो.

आता आर्म हाताने धरून काचेवर हळू टेकवा. काच भिजवा आणि मगच वायपर चालवा. कोरड्या काचेवर नवं ब्लेड फिरवून बघण्याची हौस टाळा. त्यातच कडेचा धारदार कोपरा जातो. आधी हळू, मग जोरात. ब्लेडं एकमेकांना किंवा कडेच्या खांबाला लागत नाहीत ना, थांबताना आपल्या जागी जातात ना, एवढं बघितलं की झालं. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत थोडं धुरकट पुसलं गेलं तर हरकत नाही, रबरावरचा कारखान्यातला थर निघून जातो.

काच साफ, ब्लेड नवं, जोड घट्ट, आणि तरीही एकाच दिशेला थरथर असेल, तर आर्मचा पीळ तपासा. वायपर काचेच्या मध्यावर थांबवा, टॉवेल ठेवून ब्लेड काढा, आणि आर्म हाताने धरून त्याचं टोक काचेजवळ आणा. टोकाची पट्टी काचेला समांतर दिसायला हवी. ती एका बाजूला कललेली असेल, तर रबर एका दिशेला झुकतं आणि दुसऱ्या दिशेला टोचतं. साध्या पोलादी आर्मला पकड आणि पान्यात धरून किंचित पीळ देता येतो. किंचित म्हणजे नजरेला जेमतेम जाणवेल इतकाच, आणि पकडीखाली कापड घालून. ओतीव धातूचे किंवा प्लॅस्टिकचे आर्म असे वळत नाहीत, मोडतात. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम गॅरेजवर सोडा. तिथे 'ब्लेड बदला' न म्हणता 'आर्मचा कोन तपासा' असं सांगा.

स्प्रिंग ढिली आहे का हे दोन्ही आर्म आळीपाळीने उचलून, किती जोर लागतो ते पाहून कळतं. एक स्पष्ट हलका लागला, तर आधी त्याच्या सांध्यातली माती ब्रशने काढा, पातळ तेलाचा एखादा थेंब पिनेवर सोडा, आर्म काही वेळा वर-खाली करा आणि सांडलेलं तेल काचेवर न जाऊ देता पुसून घ्या. फरक पडला नाही तर आर्म बदलायचा. आर्म बुडाशी नटने घट्ट केलेला असतो, त्याखाली दातेरी दांडा असतो. काढण्याआधी काचेवर चिकटपट्टी लावून ब्लेडची जागा खुणावून ठेवा, कारण एक दाता इकडेतिकडे झाला तरी वायपर बॉनेटवर नाहीतर खांबावर आपटतो. गंजून घट्ट बसलेला आर्म हातोडीने ठोकू नका, खेचून काढायचं पुलर वापरा. ठोकल्याचा दणका आतल्या सांध्यांना बसतो.

चौकट उत्तम आहे आणि फक्त रबर गेलंय, अशा वेळी नुसती रबराची पट्टी बदलण्याचा पर्याय आहे. स्वस्त पडतो आणि कचराही कमी. पण पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक पोलादी सळ्या असतात. त्यांचा बाक आणि खाचा जशा होत्या तशाच बसल्या पाहिजेत, आणि टोकाची खाच चौकटीच्या चिमट्यात अडकली पाहिजे. नाहीतर रबर चालता चालता बाहेर येतं. हात थोडा बसला की करा, पहिल्या वेळी नको.

पुढे ब्लेड टिकवायला काय करायचं, तर फार काही नाही. कोरड्या धुळीवर वायपर चालवू नका, आधी पाणी मारा. काचेवर पाणी मारायच्या टाकीत नुसतं जड पाणी भरलं तर क्षाराचे डाग पडतात. काचेसाठीचं द्रावण घाला, आणि पाणी गोठेल अशा थंडीत न गोठणारंच द्रावण हवं. भांड्यांचा साबण घातला तर फेस होतो आणि वाळला की पुन्हा तोच चिकट थर. काचेवर गोठून चिकटलेलं ब्लेड वायपर चालू करून सोडवायला जाऊ नका, रबर फाटतं किंवा मोटरचं सांधेकाम निखळतं. आधी काच तापू द्या. रबराला डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल असलं काही लावायचे सल्ले मिळतील. त्याने रबर एक-दोन दिवस मऊ वाटतं, मग फुगतं आणि कड लाटेसारखी होते. सँडपेपरने कड घासायचा उपायही तसाच. मूळ धार इतकी सरळ असते की ती हाताने परत येत नाही.

उन्हात वायपर उभे करून ठेवावेत का, यावर दोन्ही बाजूंनी लोक भांडतात. तापलेल्या काचेपासून रबर सुटं राहतं, हे बरोबर. पण ऊन तर लागतंच, शिवाय वाऱ्याने किंवा कुणाच्या धक्क्याने आर्म आपटायचा धोका. मी उन्हात उभे करत नाही; काचेवर आतून-बाहेरून झाकण घालणं किंवा सावली शोधणं बरं. बर्फ पडणार असेल तेव्हा मात्र उभे करावेत.

मागच्या काचेच्या वायपरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी तो याच वेळी बघून घ्या. त्याचा जोड पुढच्यापेक्षा बहुधा वेगळा असतो आणि ब्लेड त्या गाडीपुरतंच बनवलेलं मिळतं. आर्म प्लॅस्टिकचा असला तर तो पूर्ण उभा होत नाही, एका मर्यादेपुढे उचलला की मोडतो. तिथपर्यंतच उचला, ब्लेड आर्मपासून थोडं फिरवलं की खटक्यातून सुटतं.

तुमच्या बाबतीत मी हाच क्रम धरेन: आधी काच पिशवीने तपासून साफ करा, जुनीच ब्लेडं पुसून चालवून बघा, आणि नंतर गरज उरलीच तर मापं घेऊन नवी आणा. काढलेल्या दोन ब्लेडांपैकी त्यातल्या त्यात बरं असेल ते, दोन्हींची लांबी एकच असेल तर, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. वाटेत एखादं निसटलं तर चालकाच्या बाजूला लावून घरापर्यंत येता येतं.